मराठी पानं काढून टाकण्याबाबत

ता. ४ फेब्रुवारी

चि. सौ.

'सौ.' लिहून झालं आणि मग हात थांबला. आता तुला सौ. लिहायचं की नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. कोर्टाचा कागद आला तो चिरंजीवांनी परस्पर कपाटात ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, "बाबा, त्यात वाचण्यासारखं काही नाही." खोडावं तर बरं दिसत नाही, आणि एवढ्यासाठी नवा कागद घ्यायचा तर हा चौथा. तेव्हा राहू दे. तुला पटेल तसं वाच.

मी रागावलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं बोलणं इकडून तिकडे भरकटतं असं तूच म्हणायचीस, आणि पत्र संपेपर्यंत राग टिकेल की नाही याची मला खात्री नाही.

तुझ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. आली म्हणजे काय, खालच्या टाइपिस्टबाईंच्या कॉम्प्युटरवर आपली आपण येऊन बसली. दार वाजवलं नाही, येऊ का म्हणाली नाही. बाईंचं मनगट कामातून गेलेलं, माउस धरवत नाही, म्हणून घर सोडून जाण्याआधी तूच त्यांच्याकडे हा प्रोग्राम घालून दिलास. वर सांगितलंस, "काही अडलं तर बाबांना विचारा, मराठीतली मदतीची पानं त्यांनीच लिहिलीत." तेव्हा माझी छाती फुगली होती. आता मी त्यांच्या दारावरून जाताना चपला हातात घेऊन जातो.

पहिल्या पानावर माझंच वाक्य आहे. 'कॉम्प्युटरच्या पडद्यावर जी जी कामं उघडतात त्यांना खिडक्या म्हणतात. हा प्रोग्राम त्या खिडक्या शेजारी शेजारी नीट मांडतो, एकीला दुसरीच्या अंगावर चढू देत नाही, आणि त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवतो. तुम्ही आज्ञा टाइप करा, तो मजला समोर येईल.' मजला हा शब्द माझा. लिफ्टमध्ये उभं राहून मी अख्खी नोकरी मजलेच म्हणत काढली, मला दुसरं काय सुचणार? तू मात्र टाळी वाजवलीस. म्हणालीस, बाबा, आमच्या प्रोग्राममध्येसुद्धा पहिला आकडा शून्यच आहे, तुमच्या तळमजल्यासारखा. मी त्या भरवशावर सगळी पानं लिहिली. शून्य म्हणजे तळमजला, त्यावर एक, त्यावर दोन.

बाईंनी तसंच मांडलं होतं. तळमजल्यावर शब्दकोश. एकवर काम, म्हणजे वकिलांनी दिलेले जबाब टाइप करणं. दोनवर गाणी. आणि माझ्या पानावरून उतरवलेली एक छोटी स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे आज्ञांची चिठ्ठी, असं मी लिहिलं आहे, एकदा लिहून ठेवली की बटण दाबल्यावर प्रोग्राम ती आपली वाचतो आणि वागतो. बाईंच्या चिठ्ठीत एकच गोष्ट. कामाचं माणूस दारात आलं की बटण दाबायचं, दोन नंबरचा मजला बंद, गाणी गप्प.

परवा वकील आले. बाईंनी बटण दाबलं. गाणं चालूच राहिलं आणि जबाब गेला. सकाळपासून टाइप केलेला, सगळा. कारण तुम्ही मंडळी आता तळमजल्याला एक म्हणता! शब्दकोश झाला एक, काम झालं दोन, आणि गाणी वर तीनवर जाऊन बसली. पूर्वी बंद करताना तो निदान 'ठेवू का?' असं विचारायचा. तेही सौजन्य काढून टाकलंत.

बाई वर आल्या तेव्हा मी गॅसचं बटण तपासत होतो.

"काका, ते पान तुम्ही शुद्धीत लिहिलं होतं ना?"

"का हो, काय झालं?"

"काय झालं म्हणे! साक्षीदाराचा जबाब गायब, आणि कॉम्प्युटरमधून बाई गातेय, 'नको जाऊ सोडून'. वकील मला विचारतात, हाच का तो जबाब?"

"मी येतो, बघतो काय ते."

"तुम्ही अजिबात बघू नका. तुम्ही बघितलंत की उरलेलंही जाईल."

तुझ्या सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही. त्या बाईंनी संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं टाइप केलं, मनगटाला पट्टा बांधून. मी रक्तदाबाची गोळी घेतली, मग घेतली की नाही आठवेना म्हणून आणखी एक घेतली, आणि मग दोन घेतल्या या काळजीनं पडून राहिलो.

आता मला एवढंच सांग. आकडे बदलले हे मला कळवायला काय झालं होतं? माझं नाव त्या पानांखाली आहे. चूक तुमची, तोंड माझं. नव्या आज्ञा काय आहेत, कुठे काय बदललंय, ते लिहून पाठव. पानं मी दुरुस्त करतो.

तब्येत जप. पाकिटावर तिकिटं जास्त लावली आहेत, पोचण्यात अडचण नको.

बाबा
(हा शब्द अजून चालतो का, तेही कळव.)

ता. ११ फेब्रुवारी

चि.

यावेळी पुढचं काही लिहिलंच नाही. चि. तरी कुणी हरकत घेणार नाही.

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, माझ्याकडे असेल तर मी ते घरी नेऊन काय करणार आहे?" उद्धट आहे, पण मुद्दा बरोबर आहे.

मग मी तुमच्या संकेतस्थळावर तक्रारीच्या पानावर गेलो. तिथे लिहायचं मला जिवावर येतं, कारण सगळं जग वाचतं. तरी दोन बोटांनी टाइप करून सविस्तर लिहिलं, बाईंचा जबाब, वकील, गाणं, सगळं. संध्याकाळी बघतो तर तक्रार बंद. खाली उत्तर, 'यात दोष नाही. आकडे एकपासून सुरू होतील असा निर्णय झालेला आहे. नव्या आवृत्तीच्या टिपणात तशी नोंद आहे.' लिहिणारा तो दाढीवाला, जो तू घर सोडल्यापासून तुमच्या प्रोग्रामचा बराचसा कारभार बघतो. त्याच्या फोटोत नुसती दाढी दिसते, माणूस मागे कुठेतरी असावा.

टिपण मी उघडून पाहिलं. इंग्रजीत आहे. चिरंजीवांकडून वाचून घ्यायचं तर त्याच्यासमोर तुझ्या प्रोग्रामचं नाव काढायची सोय नाही. तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन एक एक शब्द लावला. आकड्यांबद्दल खरंच एक ओळ होती, अगदी खाली. त्या दाढीवाल्याचं म्हणणं असं की ती ओळ मी वाचायला हवी होती. बरं बाबा, हवी होती! पण घराचे मजले बदलायचे आणि त्याची चिठ्ठी पायपुसण्याखाली ठेवायची, ही कुठली रीत?

आणि त्याच टिपणाच्या शेवटी, दोन दिवसांपूर्वीची तारीख घालून नव्यानं जोडलेलं, ते दुसरं वाक्य. ते लावायला मला बराच वेळ लागला. लागल्यावर वाटलं, लावलं नसतं तर बरं झालं असतं. 'मराठी मदतीची पानं कालबाह्य झाली आहेत. पुढच्या आवृत्तीपासून ती काढून टाकण्यात येतील.' पुढची आवृत्ती मार्चच्या अखेरीस.

काढून टाकण्यात येतील म्हणे. मी काय भिंतीवरची जाहिरात आहे?

तुला कळतंय ना काय होणार ते? सासरा सुनेला पत्र लिहितो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण घटस्फोट होऊन गेलेल्या सुनेला कसलं पत्र लिहायचं? 'तू कशी आहेस, आम्ही ठीक' असं लिहिलं तर चिरंजीव म्हणणार, बाबा माझ्या विरुद्ध आहेत. तुझ्या माहेरचे म्हणणार, म्हातारा चुचकारायला बघतोय. पानं आहेत तोवर मला कारण आहे. अमुक आज्ञा चालत नाही, तमुक बटण कुठे गेलं, असं मी हक्कानं विचारू शकतो. पानं गेली की मी तुझा कुणीच नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण शाईनं लिहिलंय, आता राहू दे.

तुझ्या सासूबाईंनी मागे उभं राहून वाचलं. म्हणाल्या, "अहो, सरळ लिहा ना, पोरी, तुझी आठवण येते म्हणून."

मी म्हटलं, "मी तक्रार करतोय."

"तेच ते," म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

बाबा

ता. १९ फेब्रुवारी

चि.

तू सांगणार नसशील तर न सांग. मी माझं मी शोधून काढतो आहे.

माझ्या कॉम्प्युटरवर मी स्वतःहून नवी आवृत्ती घेतली. तुझ्या सासूबाईंना शेजारी बसवून घेतलं, काही झालं तर साक्षीला. सुरू झाल्यावर पडदा काळा. काहीच नाही. ना खिडकी, ना अक्षर. जुनी चिठ्ठी त्याला कळेना, आणि कळत नाही हे सांगायची त्याची पद्धत म्हणजे गप्प बसणं. तुझीच करणी, दुसरं काय.

मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. सासूबाईंनी भाजी निवडून झाल्यावर विचारलं, "बंद पडलाय का?"

"नाही. रिकाम्या मजल्यावर उभा आहे."

"मग खाली या की."

"खाली कसं यायचं तेच बदललंय ना!"

शेवटी टाइपिस्टबाईंकडे गेलो. चपला घालून, समोरून. म्हटलं, बाई, तुमच्याकडे चालू आहे, तुमच्या कॉम्प्युटरवर मला एक एक आज्ञा देऊन बघू द्या, जेवणाच्या सुट्टीत. बाईंनी आधी सगळं काम दुसरीकडे उतरवून ठेवलं, माझ्यादेखत, अगदी माझ्याकडे बघत. मग खुर्ची दिली. पण त्या नुसत्या बसतील तर शपथ. मी आज्ञा टाइप करतो आणि त्या डब्यातून तोंड वर न काढता शेरे मारतात. "गेली का खिडकी?" "गेली." "कुठे गेली?" "तेच शोधतोय." "काका, तुम्ही लिफ्टमध्येसुद्धा माणसं अशीच हरवायचात का?"

बरंच काही बदललं आहे. खिडकी दुसऱ्या मजल्यावर पाठवायची जुनी आज्ञा अजून चालते, पण आता ती खिडकीबरोबर आपल्यालाही घेऊन जाते. आपण इथेच राहून खिडकी तेवढी पाठवायची तर वेगळी आज्ञा. हे मला आवडलं, खोटं का बोलू. पूर्वी नसलेली सोय आहे. माणूस न्यायचा की नुसतं सामान, हे विचारून घेणं चांगलंच. पण पानावर नको का लिहायला? खिडकी मोठी करण्याच्या आज्ञेला आता आकडा द्यावा लागतो, न दिला तर ती तोंडाला पानं पुसते. आणि चिठ्ठीत एक आज्ञा फसली तर पूर्वी पुढच्या चालायच्या, आता सगळी चिठ्ठीच थांबते. त्या दाढीवाल्याला हे माहीत असेल. पण माहीत असलेला माणूस आणि सांगणारा माणूस एकच असतो असं नाही.

मी पहिल्यापासून लिहायला घेतलं आहे. शून्य खोडून एक करताना जिवावर येतं, पण केलं. माझ्या आवडीसाठी बाईंचा जबाब दुसऱ्यांदा जायला नको.

चिरंजीव संध्याकाळी आला, माझ्यासमोरचे कागद पाहिले आणि आत गेला. जेवताना म्हणाला, "बाबा, डॉक्टर काय म्हणालेत लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणालेत डोकं शांत ठेवा. डोकं याच्यातच शांत राहतं." तर म्हणतो, "ते दिसतंच आहे."

उरलेलं उद्या लिहितो. तक्रारीच्या पानावर मागची चर्चा सापडली आहे, पानं काढण्याचा निर्णय कसा झाला त्याची. ती शब्दकोश घेऊन लावायची आहे. दाढीवाल्याचा सगळा कावा एकदा कळू दे, मग बघतो.

बाबा

ता. २० फेब्रुवारी

तो कावा दाढीवाल्याचा नव्हता.

त्या चर्चेत त्यानं लिहिलंय, 'पानं जुनी झाली आहेत, पण लिहिणारे गृहस्थ चिकाटीचे दिसतात. त्यांना मुदत देऊन पाहावी का?' हे त्यानं लिहिलंय! ज्याला मी आठवडाभर मनातल्या मनात शिव्या घातल्या त्यानं! आणि त्याखाली तू. 'नको. काढून टाकू या. त्यांच्यावर हा भार नको.'

तीन तीनदा लावलं. शब्दकोशात त्या इंग्रजी शब्दाला 'भार'शिवाय दुसरा काही अर्थ मिळतो का पाहिलं.

मी कधी म्हटलं होतं भार आहे? कुणाकडे म्हटलं? तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून तू प्रोग्राम लिहायचीस आणि मी पलीकडे बसून वाचायचो. तूच म्हणालीस, बाबा, तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल. मी सातवी नापास. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी न कळण्यासाठी बोलावलं होतं, हसण्यासाठी नाही. आणि आता भार!

दुसऱ्या कुणी काढलं असतं तर मी भांडलो असतो. तू काढलंस तर मी कुणाकडे जाऊ?

आशीर्वाद वगैरे काही लिहीत नाही.

ता. २७ फेब्रुवारी

चि.

तुझं उत्तर आलं. एवढ्या सगळ्यानंतर पाच ओळी. पण आलं.

तू लिहितेस, 'बाबा, इकडे तुमच्याकडून फोन आला होता. तुम्ही जेवत नाही, गोळ्यांचा घोळ घालता, त्या पानांपायी अंथरूण धराल, असं कळलं. मला वाटलं, काम काढून घेतलं तर तुम्ही मोकळे व्हाल. आकड्यांचं कळवायला हवं होतं, ते माझं चुकलं.'

आमच्याकडून फोन! आमच्याकडे फोन करणारे आम्ही तिघं. मी केला नाही. तुझ्या सासूबाईंना तुझा नवा नंबर माहीत नाही, हे त्या रोज बोलून दाखवतात. मी पत्र हातात घेऊन थेट चिरंजीवांसमोर उभा राहिलो. तो बूट घालत होता.

"तू तिला फोन केलास?"

"केला."

"कुणाला विचारून?"

"बाबा, तुम्ही दोन गोळ्या घेऊन आडवे पडला होतात. मी काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतं!"

"तुम्हाला विचारलं की तुम्ही पानं दाखवता." त्यानं एक बूट पायात, एक हातात, असाच वर बघितला. "तुम्ही दिवसभर तिच्या प्रोग्रामसमोर बसता. जेवताना तिच्या आज्ञा, झोपताना तिच्या आज्ञा. ती घरात नाही आणि घरात तीच आहे. मला कसं वाटत असेल, याचं कधी पान लिहिलंत?"

यावर मी आवाज चढवला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. तुझ्या सासूबाई मध्ये आल्या. त्या आम्हा दोघांना म्हणाल्या, "एकाला वाटतं तिचं नाव काढू नये, एकाला वाटतं कामाशिवाय काढू नये. मला तिच्याशी बोलायचं असतं तर मी कुणाची परवानगी काढायची?" चिरंजीव दुसरा बूट घालून निघून गेला. संध्याकाळी आला तेव्हा माझ्यासाठी गोळ्यांची डबी आणली होती, वारांचे कप्पे असलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "यात बघून घ्या." मी घेतली.

त्याचं वाईट वाटतं मला. लिहून ठेवतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी त्याच्यावर उठलोय. पण राग तुझ्यावरचा गेलेला नाही.

तुम्ही दोघं माझ्याबद्दल फोनवर ठरवता. आपसांत बोलत नाही म्हणता, आणि माझ्या बाबतीत बरोब्बर एकमत होतं! त्याला वाटलं, मला जपावं. तुला वाटलं, मला मोकळं करावं. मला काय वाटतं हे विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. नवऱ्याला सोडलंस, तो तुमचा दोघांचा मामला. मी त्यात बोललो नाही आणि बोलणार नाही. पण त्या कोर्टाच्या कागदावर माझी सही होती का? सासऱ्याशी घटस्फोट घेता येतो, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय? असलं तर मलाही तारीख मिळायला हवी होती. मी उभा राहिलो असतो आणि जज्जसाहेबांना सांगितलं असतं की मला मान्य नाही.

सोबत पानं पाठवत आहे. सगळी, नव्यानं लिहिलेली. आज्ञांची, मजल्यांची आणि स्क्रिप्टची. टाइपिस्टबाईंनी मनगट दुखत असताना स्वच्छ छापून दिली. वर म्हणाल्या, "तिला सांगा, यातली एक जरी आज्ञा चुकली तर मी वकिलांना घेऊन तुमच्याकडे येईन." मी प्रत्येक आज्ञा त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून पाहिली आहे. न पाहिलेली एकही लिहिलेली नाही.

आता माझं म्हणणं ऐक. ही पानं तू कुण्या परक्या माणसाची म्हणून वाच. टाकाऊ असतील तर काढून टाक, मी एक अक्षर बोलणार नाही. बोलेन, पण घरात बोलेन. पण मला बरं वाटावं म्हणून ठेवू नकोस, आणि मला बरं वाटावं म्हणून काढू नकोस. माझी कीव करायची तर दुसरी जागा शोध.

पाकीट जड आहे. पोस्टातल्या माणसानं दोनदा वजन केलं तरी माझा विश्वास बसला नाही.

बाबा

ता. १५ मार्च

पोरी,

पाकीट परत आलं. चिरंजीवानं दारात पोस्टमनकडून घेतलं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. "तुमची पानं आली," म्हणाला. 'तिची' म्हणाला नाही, पण आदळलंही नाही. मग बराच वेळ तिथेच उभा राहून वर्तमानपत्र चाळत होता.

उघडलं आणि माझा संताप झाला. एक पान कोरं सोडलं नाहीस! सगळीकडे हिरव्या शाईनं बाण, गोल, फुल्या. अशी पानं मी शाळेतसुद्धा परत घेतली नव्हती. पहिल्या परिच्छेदातच 'हे दोनदा सांगितलं आहे'. दोनदा सांगितलं आहे कारण लोक एकदा ऐकत नाहीत! ऐकत असते तर मी 'बाहेर येऊ द्या, मग आत जा' असं जन्मभर ओरडलो नसतो. तरी एकदाचं काढतो. तुझा प्रोग्राम आहे.

मजला बंद करण्याच्या आज्ञेवर तू म्हणतेस, माझं वर्णन उलटं आहे. आधी खिडक्या जातात, मग मजला मोकळा होतो. बाईंकडे जाऊन पाहिलं. तुझं बरोबर आहे. एवढ्या झपाट्यानं होतं की डोळ्याला कळत नाही, पण बरोबर आहे. दुरुस्त केलं. शेवटी तू लिहिलंस की 'ठेवू का?' हा प्रश्न पुढच्या आवृत्तीत परत घालता आहात, दाढीवाल्यानंच सुचवलं. त्याला माझा नमस्कार सांग. दाढी शोभते त्याला, असंही सांग हवं तर.

आज्ञेला आकडा द्यावा लागतो तिथलं माझं उदाहरण तुला लांबलचक वाटतं. मला नाही वाटत. बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "काका, ती खरं बोलतेय." तेव्हा तेही छाटलं. सासूबाई म्हणतात, हिरवी शाई पोरीला शोभते, लाल वापरली असती तर ह्यांना परत गोळी लागली असती. त्यांनी वेगळा कागद घातला आहे सोबत. त्यात काय आहे ते मला वाचू दिलं नाही. नंबरही घातलाय म्हणे स्वतःचा.

आता राहिलं स्क्रिप्टचं पान. तिथे मी लिहिलं होतं, 'खिडक्या बंद करणारी आज्ञा चिठ्ठीत घालण्याआधी ती एकदा कुणाला तरी दाखवा.' हे वाक्य तू सबंध खोडलंस. समासात लिहिलंस, 'वाचणाऱ्याजवळ दाखवायला कुणी असेलच असं नाही, बाबा. मदतीच्या पानानं माणसाला दुसऱ्याकडे पाठवू नये.'

बाकी सगळ्या फुल्या मी ऐकल्या. ही ऐकणार नाही. एवढी शिकलीस आणि हे लिहितेस? जवळ कुणी नाही म्हणून वाक्य खोडायचं, की वाक्य ठेवून कुणीतरी मिळेल अशी सोय करायची? एकट्यानं काळ्या पडद्यासमोर बसणं काय असतं ते मी नुकतंच बघितलं आहे. तिकडे नव्या खोलीत तू एकटी राहतेस, मग कुणाला दाखवतेस, ते मी विचारलं नाही, पण मला काळजी वाटते.

वाक्य राहील. तू पुन्हा खोडलंस तर मी पुन्हा लिहीन. उलट त्याखाली मी एक ओळ वाढवली आहे, 'दाखवायला कुणी नसेल तर आम्हाला लिहा.' पुढे माझा पत्ता दिला आहे. 'मला' लिहिलेलं नाही, 'आम्हाला' लिहिलं आहे, तेव्हा एका पत्त्यानं भागणार नाही. दुसरा कुणाचा घालायचा ते पुढची आवृत्ती निघण्याआधी कळव. दाढीवाल्याचा चालणार नाही.

बाबा